पूर्व भागातली तेलुगू आणि माझ्या मोबाईलमधली तेलुगू

सोलापुरात तेलुगू ऐकण्यासाठी मुद्दाम कुठे जावे लागत नाही. अशोक चौक, साखर पेठ, दाजी पेठ, भवानी पेठ, कुचन नगर आणि थेट विडी घरकुलापर्यंत पसरलेल्या ज्या वस्तीला आम्ही सगळे नुसते ‘पूर्व भाग’ म्हणतो, तिथे यंत्रमागाच्या खडखडाटावर आवाज चढवून जे बोलणे चालते ते बहुतेक तेलुगूतच असते. निजामाच्या राज्यातल्या तेलंगणातून पद्मशाली विणकरांची कुटुंबे काही पिढ्यांपूर्वी पोटापाण्यासाठी इकडे आली, हातमागाच्या जागी यंत्रमाग आले, सोलापुरी चादरीचे नाव देशभर झाले, घरातल्या बायका विड्या वळू लागल्या. घरात बोलायची भाषा मात्र तीच राहिली. बाहेरच्या जगासाठी या कुटुंबांनी मराठी आत्मसात केली आणि ती इतकी सहज केली की त्यात काही विशेष आहे असे कोणाला वाटतही नाही. उलट बाजूने असे घडलेले फार क्वचित दिसते. पूर्व भागात दुकान असलेली, तिथल्या शाळेत शिकवणारी, तिथल्या बँकेत काम करणारी कितीतरी मराठी माणसे आयुष्यभर तेलुगू कानावर घेतात आणि ‘रा’ (ये), ‘पो’ (जा) यांच्यापुढे जात नाहीत. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख लोक होते आणि तेलुगूचे ८ कोटी ११ लाख. म्हणजे जवळपास बरोबरीच्या दोन भाषा एका शहरात शेजारी नांदतात आणि देवाणघेवाण एकाच दिशेने होते. मला हे योग्य वाटत नाही.

मी पूर्व भागातल्या एका शाळेत मराठी शिकवते. माझ्या वर्गातली निम्म्याहून अधिक मुले घरी तेलुगू बोलतात. पालकसभेला आईला कामावरून सुट्टी मिळत नाही म्हणून आजी येते आणि ती जे सांगते त्याचे भाषांतर तिचाच नातू करतो, तेही स्वतःच्याच प्रगतीविषयी. अशा वेळी शिक्षकाला ती भाषा आली पाहिजे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. शिकवणीला जाण्याइतका वेळ नसल्याने मी मोबाईलचा मार्ग धरला. या लेखात त्या मार्गाने काय हाती लागते, काय लागत नाही आणि मराठी माणसाने तो कसा वापरावा, एवढेच लिहायचे आहे.

पहिली गोष्ट अशी की परदेशी भाषांसाठी अ‍ॅपचा जितका सुकाळ आहे तितका आपल्या शेजारच्या भाषांसाठी नाही. फ्रेंच, स्पॅनिश, जपानी यांचे सुबक, टप्प्याटप्प्याने चढत जाणारे अभ्यासक्रम फुकट मिळतात. तेलुगू शोधू लागले की एक तर तेलुगू बोलणाऱ्यांना इंग्रजी शिकवणारे अभ्यासक्रम समोर येतात, नाहीतर पर्यटकांसाठी केलेल्या वाक्यांच्या याद्या. केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी, राष्ट्रीय एकता दिनी, ‘भाषा संगम’ नावाचे अ‍ॅप काढले. त्यात रोजच्या वापरातली शंभरहून अधिक वाक्ये २२ भारतीय भाषांत दिली आहेत. सुरुवातीला जीभ वळावी म्हणून ते चांगले आहे आणि मी कोणालाही पहिल्या आठवड्यासाठी तेच सुचवीन. मात्र शंभर वाक्यांनी नमस्कार-चमत्कार आणि बाजारहाट होते. मुलाचे गणित का कच्चे आहे यावर त्याच्या आजीशी बोलता येत नाही.

त्यानंतर मी जो अभ्यासक्रम घेतला तो इंग्रजीतून तेलुगू शिकवणारा होता आणि तिथे मला एक गोष्ट फार तीव्रतेने जाणवली. मराठी माणसाने तेलुगू इंग्रजीतून शिकणे म्हणजे अक्कलकोटला पुण्यावरून जाणे होय. अ‍ॅप इंग्रजी वाक्य दाखवते आणि खाली सुटे तेलुगू शब्द देऊन ते ओळीने लावायला सांगते. इंग्रजीतले क्रियापद मध्ये, तेलुगूतले शेवटी. इंग्रजीतले शब्दयोगी अव्यय नामाच्या आधी, तेलुगूतला प्रत्यय नामाच्या मागे. त्यामुळे प्रत्येक वाक्य मनात उलटे करावे लागते. तेच वाक्य मराठीतून घेतले तर उलटण्याची गरजच पडत नाही. ‘मला भूक लागली आहे’ याला तेलुगूत ‘नाकु आकलि वेस्तोंदि’ म्हणतात. भूक लागणारे माणूस मराठीत चतुर्थीत जाते, तेलुगूतही चतुर्थीतच जाते. इंग्रजीत मात्र ते कर्ता होऊन बसते. ‘मला माहीत आहे’ हे ‘नाकु तेलुसु’, ‘मला पाहिजे’ हे ‘नाकु कावालि’. मराठी आर्य कुळातली आणि तेलुगू द्राविड कुळातली असे आपण शाळेत शिकतो आणि ते खरेच आहे. परंतु शतकानुशतके शेजारी राहिलेल्या या दोन भाषांच्या वाक्यांचा सांगाडा इतका जुळलेला आहे की मराठीतून शिकणाऱ्याचे अर्धे व्याकरण आधीच झालेले असते. अ‍ॅप हे अर्धे व्याकरण हिशेबातच धरत नाही, कारण त्याच्या कल्पनेतला विद्यार्थी कोऱ्या पाटीने आलेला इंग्रजी वाचक आहे. म्हणून मी एक सवय लावून घेतली: पडद्यावरचे इंग्रजी वाक्य आधी मनात मराठीत करायचे आणि मगच तेलुगू शब्दांना हात लावायचा. तेलुगू मराठीतून शिकवणारा एखादा चांगला, पूर्ण लांबीचा अभ्यासक्रम कोणीतरी करावा अशी माझी मनापासून इच्छा आहे आणि तो सोलापुरातच व्हावा, कारण दोन्ही भाषा घरच्यासारख्या येणारी हजारो माणसे इथे आहेत.

लिपीच्या बाबतीत मात्र मोबाईलसारखा शिक्षक नाही. बरेच अ‍ॅप तेलुगू रोमन अक्षरांत लिहून दाखवतात आणि लिपी ‘नंतर शिका’ म्हणून बाजूला ठेवतात. मी सुरुवातीलाच तो पर्याय बंद केला आणि प्रत्येकाने तसेच करावे असे माझे मत आहे. रोमन अक्षरांत ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, त, ट आणि द, ड यांतला फरक कळत नाही. शिवाय तेलुगूत ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही, ही सोय आपल्या नेहमीच्या देवनागरी लेखनातसुद्धा नाही. आपल्याला वर्णमालेचा क्रम पाठ करावा लागत नाही, कारण तो तोच आहे. बाराखडीला तेलुगूत ‘गुणिंतं’ म्हणतात आणि तिची घडणही ओळखीची वाटते. अडचण असते ती आकारांची. प, व, स, ष ही अक्षरे वाटोळी आणि एकमेकांच्या इतकी जवळची की पहिले काही दिवस डोळा फसतो. म आणि य यांचेही तसेच. द ला खालून एक छोटी उभी रेघ दिली की ध होतो आणि त्याच्या पोटात आणखी एक टिंब दिले की थ. हे समजले की बाकीचे बरेचसे महाप्राण, म्हणजे ह मिसळलेली व्यंजने, आपोआप सुटतात. जोडाक्षरात दुसरे व्यंजन पहिल्याच्या पायाशी येते, म्हणजे ‘अम्म’ लिहिताना एका म खाली दुसरा म बसतो. बोटाने पडद्यावर अक्षर गिरवायचे, चुकले की पुन्हा गिरवायचे, शेजारी त्याचा उच्चार ऐकायचा, हे काम मोबाईल न कंटाळता करून घेतो. लिपी येऊ लागल्यावर पूर्व भागातल्या भिंतींवर, लग्नपत्रिकांवर आणि मंदिरांच्या फलकांवर जे इतकी वर्षे नक्षीसारखे दिसत होते ते वाचता येऊ लागले. तो आनंद खरोखरच मोठा आहे.

उच्चारांत मराठी माणसाला एक जन्मजात फायदाही आहे. आपण ‘चमचा’ मधला च आणि ‘चिमणी’ मधला च वेगवेगळे उच्चारतो; तेलुगूतही ‘चाला’ म्हणजे पुष्कळ, यातला च आपल्या ‘चाळ’ मधल्या च सारखाच दातांजवळून येतो. हिंदीतून आलेल्या शिकणाऱ्याला तो मुद्दाम घोटावा लागतो. ळ सुद्धा दोन्हींकडे आहे.

आता पाठांतराकडे वळते. जर्मनीतल्या हेर्मान एबिंगहाऊस या मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून, अर्थहीन अक्षरगट पाठ करून, आपण किती वेगाने विसरतो याचा अभ्यास १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. पाठ केलेल्यातला मोठा भाग पहिल्या काही तासांतच निसटतो आणि अंतराअंतराने उजळणी केली तर निसटण्याचा वेग कमी होत जातो, हे त्यातून पुढे आले. पुढे १९७० च्या दशकात सेबास्टियन लाइटनर याने पत्त्यांसारख्या चिठ्ठ्या आणि खणांची पेटी अशी साधी पद्धत लोकप्रिय केली: आलेली चिठ्ठी पुढच्या खणात, न आलेली पुन्हा पहिल्या खणात, आणि पुढचे खण अधिकाधिक अंतराने उघडायचे. आजची बहुतेक भाषा-अ‍ॅप आतून हेच करतात, फक्त खणांचा हिशेब यंत्र ठेवते. यातले माझ्या सर्वाधिक उपयोगी पडलेले साधन ‘अँकी’ हे आहे. डेमियन एल्म्स याने ते २००६ मध्ये सर्वांसाठी खुले केले आणि अँड्रॉइड फोनवर ते ‘अँकीड्रॉइड’ या नावाने फुकट मिळते. दिसायला ते रुक्ष आहे, बक्षिसे देत नाही, चित्रे नाचवत नाही. परंतु त्यातल्या चिठ्ठ्या आपण स्वतः लिहू शकतो आणि आवाजही भरू शकतो. सोलापुरात राहून तेलुगू शिकणाऱ्यासाठी हीच गोष्ट सर्वात महत्त्वाची ठरते.

कारण अ‍ॅपमधली तेलुगू आणि पूर्व भागातली तेलुगू यांत अंतर आहे. अ‍ॅप प्रमाण तेलुगू शिकवते, जी मुख्यतः किनारी आंध्रच्या शिष्ट बोलीवर उभी आहे. आमच्याकडची तेलुगू तेलंगणातून आलेली आणि मराठीत मुरलेली. अ‍ॅपमध्ये ‘मी जात आहे’ याला ‘नेनु वेळ्तुन्नानु’ शिकवतात. इथे ‘नेनु पोतुन्न’ असे ऐकू येते. ‘तो आला’ हे अ‍ॅपमध्ये ‘वच्चाडु’, इथल्या तोंडी ‘वच्चिंडु’. ही काही अशुद्ध भाषा नव्हे. कोट्यवधी लोकांची, स्वतःचे नियम असलेली ती बोली आहे. परंतु केवळ अ‍ॅपवर विसंबलेला माणूस अशोक चौकात आला तर त्याला वाटेल की आपण चुकीची भाषा शिकलो, आणि समोरच्याला वाटेल की हा बातम्या वाचतो आहे. म्हणून माझ्या चिठ्ठ्यांवर मी दोन्ही रूपे ठेवते: वाचण्यालिहिण्यासाठी प्रमाण रूप आणि बोलण्यासाठी इथले.

इथले रूप मिळवणे मात्र सोपे नाही. शेजाऱ्याशी तेलुगूत एक वाक्य बोलावे तर उत्तर अस्खलित मराठीत येते. त्यात आपुलकीच असते, समोरचा आपले कष्ट वाचवत असतो. शिकणाऱ्याची संधी मात्र हुकते. यावर मला उपयोगी पडलेला उपाय असा की ज्यांचे काम तेलुगूत चालते त्यांच्याजवळ काम चालू असताना जाऊन बसावे. माझ्या एका विद्यार्थिनीची आजी घरी विड्या वळते. मी त्यांना ‘अव्वा’ म्हणते, त्या मला ‘टीचरम्मा’ म्हणतात. सूप मांडीवर घेऊन त्या बसतात, भिजवून मऊ केलेल्या पानावर लोखंडी पत्र्याचा तुकडा ठेवून त्याच्या मापाने कात्रीने पान कापतात, चिमटीने तंबाखू पसरतात, एका फिरकीत विडी वळतात, तोंड नखाने दुमडतात आणि दोरा गुंडाळतात. डोळे माझ्याकडे आणि बोटे आपल्या कामावर. एकदा मी त्यांना सांगितले, हे कसे करतात ते मला सांगा, पण मराठीत सांगू नका. त्यांनी सांगितले: ‘आकु तडिपि, कोसि, चुट्टि, दारं कट्टि...’ पान भिजवून, कापून, गुंडाळून, दोरा बांधून. मराठीतल्या ऊन-प्रत्ययी धातुसाधितांची जी माळ आपण सहज ओवतो, तीच तेलुगूत त्याच जागी, त्याच क्रमाने ओवली जाते. अ‍ॅपमध्ये हा प्रकार बराच पुढच्या पाठात, इंग्रजी स्पष्टीकरणाच्या ओझ्यासकट येतो आणि अवघड वाटतो. सुपाशेजारी बसून तो ऐकला तेव्हा त्यात समजावून सांगण्यासारखे काही उरले नव्हते. अव्वांच्या परवानगीने ते वाक्य मी त्यांच्याच आवाजात फोनवर घेतले आणि चिठ्ठीत भरले. आता उजळणीला यंत्राच्या आवाजाऐवजी त्यांचा आवाज येतो, बोलण्याची लय येते, मध्येच कात्रीचाही आवाज येतो.

या सगळ्याचा सर्वात मोठा उपयोग मला झाला तो तेलुगू बोलण्यात नव्हे, मराठी शिकवण्यात. माझ्या वर्गातली मुले मराठी निबंधात ज्या चुका करतात त्या मराठी घरातल्या मुलांच्या चुकांपेक्षा वेगळ्या असतात आणि त्या वर्षानुवर्षे तशाच येतात. हुशार मुलगा लिहितो, ‘मी पोळी खाल्लो.’ तेलुगूचा भूतकाळ शिकताना याचे कारण समोर आले. तेलुगूत इडली खाल्ली, भात खाल्ला, केळे खाल्ले तरी ‘मी’ च्या पुढे क्रियापद एकच, ‘तिन्नानु’. ते कर्त्याशी बांधलेले असते आणि काय खाल्ले याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. मराठीत मात्र ‘खाणे’सारखे सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते. मूल ‘खाल्लो’ लिहिते तेव्हा ते नियम मोडत नाही; आपल्या घरच्या भाषेचा नियम मराठी शब्दांना चोख लावत असते.

लिंगाचेही असेच आहे. तो डोंगर, ती नदी, ते झाड हे मराठी मुलाला कोणी शिकवत नाही. तेलुगूत निर्जीव वस्तूंना असे लिंगभेद नाहीत. इतकेच नव्हे, तर एकवचनात ‘आई आली’ आणि ‘बस आली’ यांना क्रियापदाचे रूप एकच, ‘वच्चिंदि’. वडील आले तर ‘वच्चाडु’, किंवा आदराने ‘वच्चारु’. म्हणजे एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला बाकी सगळे, अशी ती विभागणी आहे. शिवाय ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ हा भेदही तेलुगूत नाही. मुलगा आणि मुलगी दोघेही ‘वच्चानु’ म्हणतात. अशा घरातून आलेल्या मुलासमोर मराठी एकदम तीन लिंगांचा पसारा मांडते आणि प्रत्येक विशेषण, प्रत्येक क्रियापद त्याप्रमाणे बदलायला सांगते. पाठ्यपुस्तक हे गृहीत धरते की मुलाला हे कानाने येतच असेल.

आता मी वर्गात वेगळ्या पद्धतीने शिकवते. फळ्याच्या एका बाजूला ‘तिन्नानु’ आणि दुसऱ्या बाजूला ‘खाल्ला, खाल्ली, खाल्ले’ असे लिहिते आणि मुलांनाच फरक शोधायला लावते. नवे नाम आले की ते एकटे न शिकवता ‘मोठा डोंगर’, ‘मोठी नदी’, ‘मोठे झाड’ असे विशेषणासकट शिकवते, म्हणजे लिंग शब्दाला चिकटूनच डोक्यात जाते. मुलांची वही तपासताना चुकीच्या शेजारी तेलुगू रूप लिहिते. ते वाचताना मुलांचे चेहरे बदलतात, कारण आपली घरची भाषा शाळेच्या वहीत, बाईंच्या अक्षरात त्यांनी यापूर्वी पाहिलेली नसते. तेलुगूला २००८ मध्ये आणि मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. हे मी त्यांना सांगितले तेव्हा एका मुलीने विचारले की मग दोन्ही अभिजात भाषा बोलणारे आम्हीच ना. तिचे म्हणणे शब्दशः बरोबर होते.

अ‍ॅपच्या सलग दिवसांच्या आकड्याविषयीही लिहिले पाहिजे, कारण बहुतेक जण त्यातच अडकतात. रोज थोडा तरी अभ्यास व्हावा म्हणून तो आकडा दाखवतात, तो तुटू नये म्हणून रात्री आठवण करून देतात आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याला त्याचा आधारही होतो. परंतु तो हजेरी मोजतो, प्रगती नव्हे. आकडा वाचवण्यासाठी झोपताना सोपा पाठ पुन्हा उरकणे आणि त्या दिवशी दुकानात दोन वाक्ये तेलुगूत बोलणे, यांत अ‍ॅपला पहिलेच दिसते. मी आठवण देणाऱ्या सूचना बंद केल्या आहेत आणि चिठ्ठ्यांची उजळणी शाळेच्या मधल्या सुट्टीत करते, कारण तेव्हा अडलेले विचारायला तेलुगू बोलणारी पन्नास मुले मैदानात असतात आणि बाईंना शिकवण्याची संधी ती सोडत नाहीत.

माझा चिठ्ठ्यांचा संच आता बऱ्यापैकी मोठा झाला आहे: लिपीचा एक भाग, मराठी आणि तेलुगू वाक्यरचना शेजारी ठेवणारा एक भाग, आणि पूर्व भागातल्या बोलीचा एक. शहरातल्या ज्या शिक्षकांना, परिचारिकांना, बँकेतल्या किंवा टपाल खात्यातल्या कर्मचाऱ्यांना तो हवा असेल त्यांना पहिले दोन भाग मी आनंदाने पाठवीन. तिसरा भाग पाठवता येणार नाही, कारण त्यातले आवाज अव्वांचे आणि त्यांच्या शेजारणींचे आहेत आणि त्यांनी ते फक्त माझ्या अभ्यासासाठी दिले आहेत. त्या भागासाठी आपापल्या ओळखीच्या घरी जाऊन बसावे आणि परवानगी घेऊन आपापले आवाज भरावेत.